विमानाची टाकी आणि ती सांधणारे हात

विमानाचा इतिहास आपल्याकडे सांगितला जातो तो वैमानिकाच्या बाजूने, नाहीतर युद्धाच्या बाजूने. कोण किती उंच गेला, कोणी समुद्र ओलांडला, कोणत्या यंत्राने किती वेग गाठला, एवढे सांगितले की तो इतिहास पुरा झाला असे समजतात. पंख सर्वांना दिसतात, पुढचा पंखा दिसतो, आत बसलेला माणूस दिसतो. ज्या भांड्यात तेल भरून तो माणूस आकाशात जातो ते भांडे कोणाला दिसत नाही. ते गळले तर मात्र सारे संपते. पेट्रोल पाण्याहून हलके आणि पातळ असते. ज्या फटीतून पाणी थबकून राहील त्या फटीतून ते झिरपत जाते आणि जाता जाता वाफ होऊन आगीची वाट पाहत बसते. म्हणून उडणे शक्य झाले ते जितके पंखामुळे, तितकेच टाकीच्या सांध्यामुळे, असे आमचे मत आहे.

सिहोऱ्यासारख्या गावी, जिथे विमान दिसते ते आकाशातल्या पांढऱ्या रेघेच्या टोकाला, तिथे हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्याच तालुक्याच्या जमिनीत आहे. ते ओघाने येईल. शिवाय आमचे आयुष्य गेले ते खाणीत उतरणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या माणसांच्या संघटनेत. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे कोणताही इतिहास वाचताना हे काम प्रत्यक्ष कोणी केले, आणि करताना त्याचे काय झाले, हे दोन प्रश्न आमच्या मनात आपोआप उभे राहतात.

१८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविल्याची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. तिला भक्कम समकालीन पुरावा नाही. ज्या वैमानिकशास्त्र नावाच्या ग्रंथाचा दाखला देतात, त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत असे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली दाखवून दिले. आम्हाला त्या कथेत आणखी एक गोष्ट खटकते. तिच्यात पारा आहे, सूर्यकिरण आहेत, बडोद्याचे महाराज आहेत. पत्रा कापणारा कोणी नाही. पत्रा कापणाऱ्याशिवाय काही उडाले असेल यावर आमचा विश्वास बसत नाही. असो.

खऱ्या इतिहासात पत्रा कापणारा पहिल्यापासून आहे. सुरुवातीच्या विमानांच्या टाक्या तांब्याच्या, पितळेच्या किंवा कथिल दिलेल्या पत्र्याच्या असत आणि त्यांचे सांधे झाळून बंद करीत. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचे कारागीर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे काम समजावून सांगावे लागणार नाही. पत्रा स्वच्छ करावा, नवसागर लावावा, तापवावा, कथिल पसरू द्यावे. चरवीचा सांधा गळला तर घर ओले होते, विमानाचा गळला तर माणूस जळतो. हात मात्र तोच. १९२७ साली लिंडबर्गने एकट्याने अटलांटिक ओलांडला. त्याचे नाव शाळेच्या पुस्तकात आले. त्याच्या विमानात पाच टाक्या होत्या आणि त्यांत ४५० गॅलन, म्हणजे सुमारे १७०० लिटर, पेट्रोल मावत होते. शिसे-कथिलाचा लेप दिलेल्या पोलादी पत्र्याच्या त्या टाक्या सॅन दिएगोच्या रायन कारखान्यात पत्राकामाचा मुकादम असलेल्या फ्रेड रोहर याने केल्या. साडेतेहतीस तासांच्या त्या प्रवासात टाकीने दगा दिला नाही, एवढाच त्याच्या कामाचा पुरावा. पुढे हाच रोहर १९४० साली स्वतःचा मोठा कारखाना काढून बसला, म्हणून त्याचे नाव तरी उरले. त्याच्या हाताखाली कोण झाळत होते ते कुठे लिहून ठेवलेले आम्हाला आढळले नाही.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. वाटेत अहमदाबादला तेल भरावे लागले. ते तेल चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीवर लादून आणले होते. हिंदुस्थानच्या विमानयुगाचा आरंभ असा बैलगाडीच्या चाकावर झाला. त्या डब्यांचीही तोंडे कोणीतरी झाळलेली होतीच.

सांधा बंद करायला धातूखेरीज दुसरे एक द्रव्य लागे, आणि ते आमच्या ओळखीचे आहे. पळसावरची लाख. भंडारा-गोंदियाच्या रानातली लाख गोळा करून, धुऊन, गाळून तिची चपडा लाख होते. जुन्या इंजिनांच्या जोडांत ती लावीत. तेल किती आले हे सांगणारे बुचाचे तरंगे लाखेने माखून पेट्रोलपासून वाचवीत. लाख पेट्रोलात विरघळत नाही, हा तिचा गुण. ती स्पिरिटात मात्र झटकन विरघळते, हा दोष. हा गुण आणि हा दोष दोन्ही ध्यानात ठेवावेत, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

पहिल्या महायुद्धात विमानाचे पंख कापडाचे असत. कापड ताणून बसावे व हवा-पाणी आत शिरू नये म्हणून त्यावर एक लेप देत. ब्रिटनमध्ये त्या लेपात टेट्राक्लोरोइथेन नावाचा द्राव असे. वास गोडसर, क्लोरोफॉर्मसारखा. १९१४ साली लंडनजवळच्या हेंडन येथे लेप देणाऱ्या कामगारांना कावीळ होऊ लागली. काही मेले. यकृत सडत होते. बंद खोलीत दिवसभर ब्रश चालविणाऱ्यांत मुली व स्त्रिया पुष्कळ होत्या, कारण पुरुष लढाईवर जात होते. १९१६ पासून ही विषारी कावीळ तेथे सरकारकडे कळविण्याजोगा रोग ठरली. वायुवीजनाची सक्ती झाली आणि पुढे ते द्रव्यच बाजूला सारण्यात आले. दुसरे द्रव्य होते, पण ते शोधण्याची निकड माणसे पिवळी पडल्यावरच उत्पन्न झाली. विड्यांच्या तंबाखूची धूळ वर्षानुवर्षे छातीत घेणाऱ्या बायांमध्ये ज्यांनी काम केले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता आमच्या तालुक्याकडे वळू. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत कॅन्सस शहरी जोसेफ पॅट्रिक नावाचा एक रसायनी मोटारीच्या पाण्यात घालण्यासाठी स्वस्त गोठणरोधक द्रव शोधीत होता. त्याऐवजी भांड्याच्या तळाशी घाणेरड्या वासाचा एक चिकट गोळा तयार झाला. भांडे धुवावे म्हणून त्याने एकेक द्राव वापरून पाहिला. गोळा कशानेच विरघळेना. भांडे फुकट गेले. पण जे कशात विरघळत नाही ते सांधा बंद करायला किती उपयोगी, हे त्याच्या ध्यानात आले. हाच पॉलिसल्फाइड. गंधकाचे रबर म्हणा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्याचे पातळ रूप साधले आणि वेगळी टाकी बसविण्याऐवजी पंखाची पोकळीच आतून सांधून टाकी करण्याची रीत रूढ झाली.

हे रबर डब्यात पातळ असते. त्यात दुसरे एक द्रव्य कालवले की ते घट्ट होते. आज पुष्कळ प्रकारांत हे दुसरे द्रव्य म्हणजे मँगनीज डायऑक्साइडची काळी लुकटी असते. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजरुकच्या उघड्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचेच खनिज निघते. बॅटरीच्या कोरड्या सेलसाठी ते देशभर जाते. आमच्या खाणीतला दगड थेट विमानाच्या पंखात जातो असा दावा आम्ही करीत नाही. तिथे लागते ते शुद्ध केलेले रसायन. पण ज्या काळ्या भुकटीने आमच्या माणसांचे हात, धोतरे आणि भाकरीचे फडके काळे होत आले, त्याच जातीची भुकटी पंखाच्या आत सांधा आवळून बसलेली आहे, हे इथल्या मुलांना कोणी सांगितलेले नाही. मँगनीज म्हणजे पोलाद, एवढेच त्यांना ठाऊक.

हे काम प्रत्यक्ष कसे चालते ते पाहायचे तर घरी विमान बांधणाऱ्यांकडे पाहावे. मोठ्या कारखान्यात ते शंभर हातांत वाटले जाते. इथे ते एकाच माणसाच्या अंगावर येते. अमेरिकेत १९५३ साली मिलवॉकी येथे अशा हौशी लोकांनी आपली संघटना काढली. तेथील नियम असा की, घरबांधणीचे म्हणून जे विमान नोंदवायचे त्याचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी, केलेले असले पाहिजे.

ॲल्युमिनियमच्या पंखाची टाकी करताना तो प्रथम पत्रा खरवडतो. चकाकी गेली पाहिजे, कारण चकचकीत पत्र्यावर रबर धरत नाही. मग द्रावाने पुसतो, पुसलेल्या जागी पुन्हा उघडे बोट लावीत नाही. बोटाचा घामटपणाही सांधा सोडवतो. पांढरे रबर आणि काळी लुकटी तराजूवर तोलून दहास एक या मानाने घेतो. अंदाजाने घेऊन चालत नाही. मग कालवणे. पांढऱ्यात काळे मिसळताना रेघा दिसतात, आणि शेवटची रेघ नाहीशी होईपर्यंत कालवावे लागते. काळा रंग इथे साक्षीदार आहे; रेघ राहिली म्हणजे तेवढी जागा कधीच घट्ट होणार नाही. तयार झालेला लगदा दोन तासांच्या आत संपवायचा. पंखाच्या फासळीवर तो लोण्यासारखा थापायचा, वर पत्रा ठेवायचा, ओल्यातच रिबिटी ठोकायच्या आणि आतून प्रत्येक रिबिटीच्या डोक्यावर पुन्हा एक थर द्यायचा. गंधकाचा वास घरभर. नखे आठवडाभर काळी. शेवटची मागची पट्टी बसली की आतला भाग पुन्हा दिसत नाही. जे राहिले ते राहिले.

मग परीक्षा. टाकीची सारी तोंडे बंद करून एका तोंडाला मुलांचा फुगा बांधतात, थोडी हवा भरतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवतात. बुडबुडा आला तिथे गळती. फुगा दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला तर टाकी पास. यातही एक खोच आहे. दुपारी ऊन वाढले की आतली हवा फुगते, रात्री आकसते. फुगा मलूल दिसला म्हणून गळती असतेच असे नाही, आणि तट्ट दिसला म्हणून नसते असेही नाही. आमच्याकडचा ढिवर डोंगा पाण्यात सोडण्याआधी फटी डांबराने बुजवतो आणि काठाशी बुडवून पाहतो. त्याची परीक्षा जास्त प्रामाणिक, कारण पाणी लगेच आत येते. पेट्रोल वाट पाहते.

दुसरी रीत काचतंतूंची. काचेचे कापड राळेत भिजवून थरावर थर द्यायचे. काचतंतूंचे पहिले ग्लायडर १९५७ साली जर्मनीत श्टुटगार्ट येथे उडाले, परंतु त्याला मोठाले साचे लागत. कॅलिफोर्नियातील बर्ट रुटान याने साच्याची कटकट काढून टाकली. फेसासारख्या हलक्या ठोकळ्याला तापलेल्या तारेने पंखाचा आकार कापावा आणि त्यावरच कापड व एपॉक्सी राळ चढवावी. त्याचे व्हॅरीइझी १९७५ साली उडाले, लाँग-इझी १९७९ साली. घरच्या मोटारखान्यात विमान बांधणारे यानंतर हजारोंनी निघाले. बंगलोरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने तंतू व राळेचे हंस हे शिकाऊ विमान केले. ते १९९३ साली उडाले.

यातली टाकीची गोम अशी की पंखाच्या पोटातला फेस पॉलिस्टायरिनचा असतो, आणि तो पेट्रोलात साखरेसारखा विरघळतो. टाकी पंखाच्या मुळाशी असते. तिच्या भिंतीला सुईच्या टोकाएवढे भोक राहिले आणि पेट्रोल पंखाकडे झिरपले, तर बाहेरून पंख जसाच्या तसा दिसेल आणि आत पोकळी झालेली असेल. म्हणून टाकीच्या भिंतींना दुसऱ्या, न विरघळणाऱ्या जातीचा फेस घेतात आणि आतून राळेचे थर देऊन प्रत्येक कोपरा बोटाने गोल करून बंद करतात. राळ स्वतः गरीब नाही. तिला घट्ट करणारे द्रव्य कातडीला लागत राहिले तर एखाद्या दिवशी अंगावर पुरळ उठते, आणि ते एकदा उठू लागले की तो मनुष्य पुढे त्या राळेजवळ उभा राहू शकत नाही. किती हौशी लोकांची विमाने अशी अर्धवट पडून राहिली असतील! हातमोजे शंभर रुपयांचे असतात.

या रीतीचा कळस म्हणजे १९८६ चे व्हॉयेजर. डिक रुटान आणि जीना येगर हे दोघे १४ डिसेंबरला निघाले आणि कुठेही न उतरता, वाटेत तेल न घेता, पृथ्वीला वळसा घालून २३ तारखेला परत आले. विमानाची बांधणी साडेचारशे किलोच्याही आतली आणि तीत भरलेले पेट्रोल सुमारे ३२०० किलो. सतरा टाक्या. खरे पाहता ती उडणारी टाकीच होती. निघताना तेलाच्या भाराने पंख इतके वाकले की टोके धावपट्टीवर घासत गेली. परत आले तेव्हा अवघे पन्नास किलोच्या आत पेट्रोल उरले होते. सरकारचा पैसा त्यात नव्हता. मोहावेच्या वाळवंटातल्या एका शेडमध्ये बहुतेक स्वयंसेवकांनी ते बांधले.

आपल्या महाराष्ट्रात या जातीचे धाडस कॅप्टन अमोल यादव यांनी केले. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा जण बसतील असे विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात ते मांडले तेव्हा लोकांनी गर्दी केली. गच्चीवरून ते सुटे करून यारीने खाली उतरवावे लागले होते. नोंदणी २०१७ साली झाली आणि २०२० साली ते धुळ्याला उडाले. वर्तमानपत्रांनी गच्चीचे कौतुक पुष्कळ केले. आम्हाला त्याहून मोठी वाटते ती ही गोष्ट, की ज्या माणसाने सांधे केले तोच त्या सांध्यांवर विसंबून आत बसला.

घरबांधणीच्या विमानाचे खरे विमापत्र हेच. सांधणारा तोच, बसणारा तोच. रात्री दोन वाजता कंटाळा आला म्हणून त्याने एक रिबिट सोडून दिली, तर ती त्याच्याच पाठीमागे असते. हे नाते तुटले म्हणजे काय होते त्याची दोन उदाहरणे आहेत.

पहिले लहान. अमेरिकेचा लोकप्रिय गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्रात पडून मेला. विमान लाँग-इझी, दुसऱ्याने बांधलेले, नुकतेच विकत घेतलेले. एका टाकीवरून दुसरीवर जाण्याची किल्ली नकाशात वैमानिकाच्या पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे नेऊन बसविली होती. तेलाची नळी आपल्या बसण्याच्या जागेत नको, असा त्याचा विचार. त्याच्यापुरता तो ठीकच होता, त्याचा हात तिथे सरावाने जात असेल. नव्या मालकाला ती किल्ली फिरविण्यासाठी वळावे लागले. तेल किती उरले हे दाखविणाऱ्या काचेवरही खुणा नव्हत्या. चौकशीत या गोष्टी, आणि निघताना तेल पुरेसे आहे की नाही हे नीट न पाहणे, अपघाताच्या कारणांत नोंदविल्या गेल्या.

दुसरे उदाहरण मोठे, आणि आमच्या धंद्याचे. ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाकडे एफ-१११ नावाची लढाऊ विमाने होती. त्यांच्या अंगातच टाक्या होत्या. मूळचे सांधणद्रव्य उष्णतेने व दमटपणाने मऊ पडून गळती सुरू झाली. १९७७ पासून क्वीन्सलँडमधील ॲम्बर्ली तळावर जुने द्रव्य काढून नवे भरण्याचे काम निघाले. माणसे टाकीच्या अरुंद तोंडातून आत सरपटत जात आणि विषारी द्रावांच्या वाफेत तासन् तास खरवडत बसत. त्या द्रावांचा वास अंगाला इतका भिने की घरचे जवळ येईनात. डोकेदुखी, विसराळूपणा, उदासपणा, कातडीचे विकार. तक्रारी झाल्या आणि काम चालूच राहिले. विमाने तयार ठेवायची होती. हे सारे २००० साली थांबविण्यात आले. २००१ च्या चौकशी मंडळाने जो दोष दाखविला तो एका माणसाचा नव्हता. विमानाच्या तयारीला माणसाच्या प्रकृतीपेक्षा वरचे स्थान देणाऱ्या साऱ्या व्यवस्थेचा होता. भरपाईचा वाद चालूच राहिला आणि २००९ साली तिथल्या संसदेच्या समितीला पुन्हा त्यात लक्ष घालावे लागले. टाकीत सरपटणारा शिपाई आणि टाकीवर बसणारा अधिकारी हे दोन वेगळे, हेच त्याचे मूळ. टाकीत जाणे त्या अधिकाऱ्याच्या वाट्याला आले असते तर पंखा, नळीचा मुखवटा आणि पाळी बदलणे ही व्यवस्था पहिल्या आठवड्यातच झाली असती, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

हे दूरचे म्हणून सोडून देता येत नाही. नाशिकजवळ ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग ७८७ च्या जमिनीखालच्या तुळया कार्बनतंतू व राळेच्या तयार झाल्या आहेत. आयटीआय झालेली आपल्या जिल्ह्यांतली पोरे अशा कामाकडे डोळे लावून असतात, आणि लावावेत. त्यांनी पगार विचारताना राळेच्या डब्यावरचा सुरक्षेचा कागद आपल्या भाषेत मागावा, खोलीतली हवा कोणत्या बाजूने बाहेर जाते ते पाहावे, आणि बंद जागेत शिरताना बाहेर एक सोबती उभा असल्याखेरीज शिरू नये. यासाठी युनियन लागते. एकट्याने मागितले तर उद्धट ठरतो.

लाखेची गोष्ट अर्धी राहिली होती. लाख स्पिरिटात विरघळते असे वर म्हटले. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे स्पिरिटच, मिसळण्याचे प्रमाण २०२२ साली दहा टक्क्यांवर आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले. ते उसापासून होते, मक्यापासून होते आणि तांदळापासूनही होते. तुमसरच्या बाजारातली कनकी पूर्वी कोंबड्यांना जाई, तिला आता असाही गिऱ्हाईक झाला. धानवाल्याला चार पैसे मिळाले तर आम्हाला आनंदच आहे. पण जुन्या टाक्यांचे काय? अमेरिकेत इथेनॉल आले तेव्हा जुन्या नावांच्या काचतंतूंच्या टाक्या आतून मऊ पडल्या आणि सुटलेली राळ इंजिनात जाऊन बसली. गळती थांबवायला टाकीत घुसळून लावलेले जुने लेपही पापुद्रे होऊन सुटू लागले आणि तेलाच्या गाळणीत अडकले. घरबांधणीची विमाने बाळगणाऱ्यांपैकी अनेकांना आपल्याच हाताने बंद केलेली टाकी पुन्हा कापावी लागली. मागच्या पट्टीत हात जाईल एवढे भोक पाडायचे, आतला पापुद्रा द्राव लावून खरवडून काढायचा, पत्रा पुसायचा, नवा काळा लगदा तोलून कालवायचा, भोकावर झाकण ठेवून रिबिटी ठोकायच्या, आणि पुन्हा तोंडाला फुगा बांधून रात्रभर थांबायचे.